बिल्ल्याची मागची बाजू

चळवळीचा बिल्ला ही वस्तू अंगावर मिरवण्यासाठी, घामापावसाने खराब होण्यासाठी आणि मागणी मान्य झाली की खुशाल हरवून जाण्यासाठी तयार केलेली असते. बिल्ल्यांचा संग्राहक मात्र या तिन्ही गोष्टी घडू नयेत म्हणून आयुष्यभर झटत असतो. स्त्रियांच्या मताधिकारापासून समान वेतनापर्यंत आणि कामगार संघटनांच्या वर्गणीपासून वर्षवर्ष चाललेल्या संपांपर्यंत जे जे बिल्ले निघाले, ते जमवणाऱ्यांचा एक पंथ ब्रिटन आणि अमेरिकेत चांगला रुजलेला आहे. या पंथाच्या आचारधर्माचे निरीक्षण केल्यास असे आढळते की, ज्या मूल्यांसाठी हे बिल्ले निघाले त्यांतील बहुतेक मूल्ये या छंदात उलटी टांगली जातात. चळवळीला संख्येचे बळ हवे असते आणि म्हणून प्रत्येकीने बिल्ला लावावा असे तिला वाटते. संग्राहकाची इच्छा अशी की, तो फार थोड्याजणींनी लावलेला असावा, आणि ज्या थोड्याजणींनी लावला त्यांनीही मोर्चाहून घरी परतल्यावर तो पुसून, कापसात गुंडाळून डबीत ठेवलेला असावा. बिल्ला हाती आला की घोषणा न वाचता तो आधी उलटा करून मागून पाहणे, हे या पंथाचे ओळखीचे लक्षण होय. जुन्या वस्तूंच्या बाजारातील विक्रेते याच लक्षणावरून गिऱ्हाईक हेरतात, कारण घोषणा वाचून भारावणारा माणूस बहुधा काही विकत घेत नाही.

मागच्या बाजूचे हे वेड समजून घ्यायचे तर बिल्ला कसा बनतो हे थोडे पाहावे लागते. सर्वांत स्वस्त आणि म्हणून चळवळींना सर्वांत प्रिय असलेला प्रकार म्हणजे गोल, पत्र्याचा बिल्ला. पत्र्याच्या चकतीवर छापील कागद, कागदावर सेल्युलॉइडचा पारदर्शक पापुद्रा, कडा मागे वळवून एका कड्याखाली दाबलेल्या आणि त्या कड्यातच अडकवलेली तारेची टाचणी, अशी त्याची रचना असते. तिचे पेटंट अमेरिकेतील न्यूअर्क येथील व्हाइटहेड अँड होग या कंपनीने १८९६ मध्ये घेतले आणि त्याच वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत मॅकिन्ली आणि ब्रायन या दोन्ही उमेदवारांच्या छायाचित्रांनी अमेरिकेतील कोट व्यापून टाकले. या पेटंटाआधी कंपनीने बोस्टनच्या अमांडा लूझी या स्त्रीच्या नावावरील बटणाचे पेटंट विकत घेतले होते. स्त्री-चळवळीच्या व्यासपीठावर सांगण्याजोगा हा तपशील आहे खरा, पण कपड्याच्या बटणावर टाळ्या पडत नाहीत. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर यांपासून बनते, ते चटकन पेट घेते आणि जुने झाले की आतला कापूर सोडू लागते. त्यामुळे जुन्या बिल्ल्यांचा खण उघडला की देवघराचे दार उघडल्याचा भास व्हावा, आणि संग्राहकाच्या चेहऱ्यावरचा भाव पाहता तो भास अगदीच अस्थानी म्हणता येत नाही.

दुसरा प्रकार इनॅमलचा, म्हणजेच मीनाकारीचा. ठशाने दाबून धातूत उठवलेल्या खाचांमध्ये रंगीत काचेची पूड भरून ती सुमारे ८०० अंश सेल्सियसच्या भट्टीत वितळवायची, मग घासून गुळगुळीत करायची, असे हे काम असून ब्रिटनमध्ये त्याचे माहेर म्हणजे बर्मिंगहॅममधील जवाहिऱ्यांची वस्ती. पत्र्याचा बिल्ला मोर्चाचा, तर मीनाकारीचा बिल्ला सभासदत्वाचा, अशी ढोबळ वाटणी करता येते. मीनाकारीच्या बिल्ल्याच्या पाठीवर कारखान्याचे नाव आणि पुष्कळदा पत्ताही कोरलेला असतो, आणि कारखान्यांनी जागा बदलल्या की पत्ते बदलत असल्यामुळे बिल्ल्याचे वय पाठीवरून ठरते. पुढच्या बाजूला दोन हातांचे हस्तांदोलन किंवा उगवता सूर्य कोरलेला असतो, पण हस्तांदोलने आणि सूर्योदय सर्वच दशकांत सारखेच होत असल्याने त्यांवरून काही निश्चित होत नाही.

स्त्रियांच्या बिल्ल्यांचा विषय निघाला की पहिले नाव विमेन्स सोशल अँड पोलिटिकल युनियनचे घ्यावे लागते. एमेलीन पँकहर्स्ट यांनी १९०३ मध्ये मँचेस्टर येथे स्थापन केलेल्या या संघटनेच्या कार्यकर्त्यांना ‘डेली मेल’ने १९०६ मध्ये हिणवण्यासाठी सफ्रजेट हे नाव दिले आणि त्यांनी ते आनंदाने वापरात आणले. एमेलीन पेथिक-लॉरेन्स यांनी १९०८ मध्ये संघटनेसाठी जांभळा, पांढरा आणि हिरवा हे रंग निवडले. त्यांचा अर्थ अनुक्रमे प्रतिष्ठा, निर्मळपणा आणि आशा असा सांगण्यात आला. २१ जून १९०८ रोजी हाइड पार्कमध्ये जो प्रचंड मेळावा भरला, त्याला येताना स्त्रियांनी पांढरे कपडे घालावेत आणि त्यांवर हे रंग ल्यावेत, असे आवाहन होते. संघटनेची स्वतःची दुकाने होती आणि त्यांत बिल्ले, पट्टे, चहाची भांडी असे सर्व काही मिळत असे. मॅपिन अँड वेब या नामांकित जवाहिऱ्यांच्या पेढीनेही त्या वर्षीच्या नाताळात सफ्रजेट दागिन्यांची यादी काढली. सरकार उलथण्याची भाषा करणाऱ्या चळवळीचा हिशेब इतका चोख आणि मांडणी इतकी आकर्षक असावी, याचा सरकारलाच अधिक त्रास झाला असावा. एका पेनीला मिळणाऱ्या तिच्या पत्र्याच्या बिल्ल्यांच्या मागे लंडनच्या केंटिश टाउनमधील मर्चंट्स पोर्ट्रेट कंपनीचे नाव आढळते, आणि पुढच्या ‘व्होट्स फॉर विमेन’ या अक्षरांनी न हललेला संग्राहक मागचे हे नाव पाहून सद्गदित होतो.

या संघटनेचे जे बिल्ले आज सर्वांत मोलाचे मानले जातात, ते मात्र पेनीला किंवा पौंडालाही मिळत नसत. एमेलीन पँकहर्स्ट यांची चित्रकार कन्या सिल्व्हिया हिने आखलेले, हॉलोवे तुरुंगाच्या नावाने ओळखले जाणारे हॉलोवे ब्रूच हे ब्रिटिश संसदेचे चिन्ह असलेल्या जाळीदार दरवाजाच्या आकाराचे असून त्यावर संघटनेच्या तीन रंगांत एक रुंद बाण आहे. हा बाण म्हणजे सरकारी मालमत्तेवर आणि म्हणून कैद्यांच्या कपड्यांवर उमटवली जाणारी खूण. २९ एप्रिल १९०९ रोजी लंडनच्या अल्बर्ट हॉलमध्ये ही ब्रूचे प्रथम प्रदान करण्यात आली आणि ती मिळवण्याची अट एकच होती, ती म्हणजे तुरुंगवास. थोडक्यात, बिल्ला संघटना देई आणि पात्रतेचा दाखला न्यायाधीश. त्या वर्षीच्या जुलैत मॅरियन वॉलेस डनलॉप यांनी तुरुंगात उपोषण सुरू केले, इतरजणींनी तो मार्ग धरला आणि ऑगस्टपासून उपोषणासाठी चांदीचे पदक देण्यास आरंभ झाला. क्लार्कनवेल रोडवरील टॉय अँड कंपनीकडून एक पौंडाला एक या दराने ही पदके बनवून घेतली जात. प्रत्येकावर मानकरी स्त्रीचे नाव कोरलेले असे आणि जिला नळीने बळजबरीने अन्न घालण्यात आले असेल, तिच्या पदकाला तीन रंगांच्या मीनाकारीची पट्टी जोडली जाई. आज हीच पदके लिलावात हजारो पौंडांना जातात आणि पट्ट्या जास्त असल्या तर बोलीही चढते. तुरुंगाच्या डॉक्टरने नाकातोंडात खुपसलेल्या नळीचे शंभर वर्षांनी असे व्याज मिळते, फक्त ते जिच्या नाकात नळी गेली तिला मिळत नाही. ज्या अलंकारासाठी त्या काळी लक्षाधीशाच्या मुलीलाही कोठडीची पायरी चढावी लागे, तो आज धनादेश लिहून घरी आणता येतो. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण लिलावगृहाच्या दारावर कोरण्यास हरकत नसावी.

किमती चढल्या की श्रद्धाही चढते. ब्रिटनच्या जुन्या दागिन्यांच्या बाजारात हिरवा, पांढरा आणि जांभळा असे तीन खडे एकत्र दिसले की तो दागिना सफ्रजेट ठरतो आणि पुराव्यादाखल असे सांगण्यात येते की, ग्रीन, व्हाइट, व्हायलेट या रंगांच्या आद्याक्षरांतून ‘गिव्ह विमेन व्होट्स’ असा गुप्त संदेश तयार होतो. वास्तविक पेरिडॉट, मोती आणि ॲमेथिस्ट हे खडे त्या काळच्या फॅशनमध्येच होते, आणि ज्या स्त्रिया भर बाजारात आपली मागणी ओरडून सांगत होत्या, प्रसंगी काचा फोडून सांगत होत्या, त्यांना ती गुप्तपणे सुचवण्याची गरज का भासावी, हे कोणी सांगत नाही. विक्रेत्यांचे सगळे दावे मान्य केले, तर राजे सातवे एडवर्ड यांच्या काळात इंग्लंडमधील झाडून साऱ्या आत्यांनी गळ्यात बंड अडकवले होते असे मानावे लागेल, आणि मग मताधिकार १९१८ पर्यंत का लांबला, तोही प्रथम तीस वर्षांवरील आणि मालमत्तेची अट पुरी करणाऱ्या स्त्रियांपुरताच का, हे एक कोडे होऊन बसेल.

विरोधकांचेही बिल्ले होते, ही गोष्ट संग्राहकाला विशेष सुखावते. १९०८ मध्ये स्थापन झालेल्या विमेन्स नॅशनल अँटी-सफ्रेज लीगचे म्हणणे असे की, स्त्रीने सार्वजनिक राजकारणाच्या धकाधकीत उतरू नये. हे म्हणणे जगाला पटवून देण्यासाठी त्या स्त्रिया संघटना काढून, सभा भरवून, छातीवर बिल्ला लावून त्या धकाधकीत उतरल्या. संग्राहकाच्या पेटीत या बिल्ल्याला सफ्रजेटांच्या शेजारी, त्याच मखमलीवर जागा मिळते. ज्यांचे तोंड एकमेकींच्या दिशेला झाले नसते, त्यांच्या पाठी तेथे एकाच भिंगातून न्याहाळल्या जातात.

कामगार संघटनांच्या बिल्ल्यांकडे वळले की मागची बाजू खरोखर बोलू लागते. पुरुषांच्या कोटाच्या छातीवरील दुमडीला, म्हणजे शिंपी जिला लॅपल म्हणतात तिला, डाव्या बाजूस एक काज असते. जुन्या ब्रिटिश संघटनांचे मीनाकारीचे बिल्ले पुष्कळदा या काजाच्या हिशेबाने बनवलेले असत. त्यांच्या पाठीला टाचणी नसून चंद्रकोरीच्या आकाराची एक पट्टी डाखलेली असते, ती काजातून आत सरकवली की बिल्ला पक्का बसतो आणि कापडाला भोकही पडत नाही. स्त्रियांच्या झंपरांना आणि झग्यांना असे काज बहुधा नसे, त्यामुळे त्यांच्यासाठी आडव्या टाचणीचा, ब्रूचसारखा बिल्ला काढावा लागे. परिणाम असा की, पुढून तंतोतंत सारखे, सर्व श्रमिकांच्या एकजुटीची ग्वाही देणारे दोन बिल्ले उलटे केले की, एकजुटीत स्त्रिया धरल्या होत्या की नाही हे तत्काळ कळते. ज्या संघटनेचे केवळ चंद्रकोरवालेच बिल्ले आढळतात, तिच्या घटनेतील समतेचे कलम वाचण्याची तसदी घेण्याचे कारण उरत नाही. अभियंता कामगारांच्या मोठ्या ब्रिटिश संघटनेने स्त्रियांना सभासद करून घ्यायला १९४३ साल उजाडावे लागले, आणि तेही दुसऱ्या महायुद्धाने पुरुष सभासदांना आघाडीवर नेल्यानंतर; तोवर तिच्या दृष्टीने कामगाराच्या छातीला काज असणे हा निसर्गनियमच होता.

संघटनांची दारे अशी बंद असल्यामुळे मेरी मॅकार्थर यांनी १९०६ मध्ये नॅशनल फेडरेशन ऑफ विमेन वर्कर्स ही केवळ स्त्रियांची संघटना काढली आणि तिचा बिल्ला अर्थातच टाचणीचा निघाला. याच संघटनेने १९१० मध्ये इंग्लंडमधील क्रॅडली हीथ येथील साखळ्या घडवणाऱ्या स्त्रियांचा लढा चालवला. घरामागच्या भट्टीत तासन्‌तास घण मारून लोखंडी कड्या जोडणाऱ्या या स्त्रियांना तासाला अडीच पेन्स हा किमान दर कायद्याने ठरवून मिळाला होता, पण मालक तो देत नव्हते. दहा आठवडे काम बंद राहिले आणि स्त्रिया जिंकल्या. लढ्यासाठी देशभरातून आलेल्या वर्गणीतून पैसे उरले आणि त्या शिलकीतून गावात कामगारांसाठी एक सभागृह बांधण्यात आले. आंदोलनाच्या निधीत शिल्लक राहणे आणि ती जाहीर करून तिची इमारत उभी करणे, हा प्रकार मराठी वाचकाला कोणत्याही बिल्ल्यापेक्षा दुर्मीळ वाटण्याचा संभव आहे.

पहिल्या महायुद्धात खुद्द सरकारही या उद्योगात उतरले. युद्धसामग्रीच्या कारखान्यांत राबणाऱ्या पुरुषांना १९१५ मध्ये ‘ऑन वॉर सर्व्हिस’ असा गोल बिल्ला देण्यात आला. त्याचा हेतू असा की, रस्त्यातून गणवेशाविना जाणाऱ्या तरुणाला भ्याड ठरवून त्याच्या हाती पांढरे पीस देणाऱ्या देशभक्त बायकांपासून त्याचा बचाव व्हावा. पुढच्या वर्षी त्याच कारखान्यांतील स्त्रियांसाठी तिकोनी बिल्ला निघाला. बिल्ला लावला म्हणून हेटाळणी करणाऱ्या सरकारने सात-आठ वर्षांत स्वतःच्या हाताने स्त्रियांना बिल्ला लावावा, यात जे नाट्य आहे ते संग्राहकाच्या नजरेतून निसटते, कारण तो त्या वेळी तिकोनी बिल्ल्याच्या पाठीवरील क्रमांक भिंगाखाली वाचत असतो.

अमेरिकेतील संग्राहकांची पीडा वेगळी. तेथील कित्येक संघटना वर्गणी भरल्याची खूण म्हणून दर महिन्याला नवा, वेगळ्या रंगाचा बिल्ला देत; चालू महिन्याचा बिल्ला छातीवर नसला की सहकारी त्याची जाहीर विचारपूस करत. एका वर्षाचा पूर्ण संच म्हणजे बारा बिल्ले, आणि बाराचा नियम असा की अकरा मिळतात. जो महिना सापडत नाही तो बहुधा संपाचा असतो, कारण पगार नाही तेथे वर्गणी कुठली. दुष्काळात तेरावा महिना येतो हे आपल्याकडे ठाऊक आहे, संपात बारावा जातो हे या संग्राहकांनी शोधून काढले. तेथील बिल्ल्याच्या कडेवर भिंगाशिवाय न दिसणारी एक चिमुकली मोहोरही असते. बिल्ला संघटित कामगारांच्या छापखान्यात छापला गेला आहे, अशी ती ग्वाही, आणि कामगारांच्या हक्कांची गर्जना करणाऱ्या बिल्ल्यावर ती नसली की संग्राहकांच्या मेळाव्यात जो आनंद पसरतो, त्याला तोड नसते.

मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे बिल्ला म्हटले की रेल्वे स्थानकावरील हमालाचा पितळी क्रमांक येतो, किंवा १९७५ च्या ‘दीवार’ चित्रपटातील गोदी कामगाराचा ७८६. हा बिल्ला वरून मिळालेला असतो, मागणी करण्यासाठी लावलेला नसतो. महाराष्ट्रातील स्त्रियांनी आपली मागणी सहसा छातीवर न टाचता हातात धरली. १९७२ मध्ये मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी मुंबईत उभारलेल्या महागाई प्रतिकार समितीच्या मोर्चांत हजारो स्त्रिया लाटणी उगारून आणि थाळ्या बडवत रस्त्यावर आल्या. ही लाटणी मोर्चानंतर घरी गेली आणि त्याच रात्री पोळ्यांना लागली, त्यामुळे मोर्चातील अस्सल लाटणे आणि मोर्चाला न गेलेले लाटणे यांत फरक करण्याचे कोणतेही साधन संग्राहकाच्या हाती उरले नाही. सरकारी आणि निमसरकारी कर्मचाऱ्यांचे आवडते आयुध म्हणजे काळी फीत. तीही या दृष्टीने पूर्ण निराशाजनक ठरते, कारण पुढून आणि मागून ती सारखीच काळी, तिच्यावर ना साल ना कारखाना, आणि निषेध संपताच तिने एखाद्या फायलीचे तोंड बांधले जाते.

लढ्याच्या यशाशी संग्राहकाचे हितसंबंध कसे विपरीत असतात, हे ब्रिटनमधील खाणकामगारांच्या संपाइतके दुसऱ्या कशातून दिसत नाही. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर चाललेला हा संप खाणी बंद करण्याच्या सरकारी धोरणाविरुद्ध होता. ‘कोल नॉट डोल’, म्हणजे बेकारभत्ता नको, कोळसा काढू द्या, ही त्याची घोषणा. खाणीखाणीच्या शाखांनी संपकऱ्यांच्या घरची चूल पेटती ठेवण्यासाठी बिल्ले काढून विकले, एका शाखेने दुसरीशी त्यांची अदलाबदल केली, टोप्या आणि जाकिटे बिल्ल्यांनी जड झाली. दोन आठवड्यांत जिंकलेला संप मागे एखादाच बिल्ला ठेवतो, आणि वर्षभर रेटून हरलेला संप कपाट भरून टाकतो, हे गणित कोणीही संग्राहक चारचौघांत मान्य करणार नाही, पण त्याचे कपाट ते मान्य करते. बिल्ल्याची टाचणी फाटकावरच्या पावसात गंजली असेल तर त्याची किंमत घटते, ही बाबही येथे नोंदवण्यासारखी आहे: संपात भिजणे हा या बाजारात दोष समजला जातो.

या संपात विमेन अगेन्स्ट पिट क्लोजर्स या नावाने संघटित झालेल्या खाणवस्त्यांतील स्त्रियांनी सामुदायिक भोजनगृहे चालवली, १२ मे १९८४ रोजी बार्न्सले येथे हजारोंचा मेळावा भरवला, देशभर भाषणे केली आणि स्वतःचे बिल्ले काढले. संप संपल्यावर, १९८५ च्या अधिवेशनात, या स्त्रियांना खाणकामगार संघटनेचे सहयोगी सभासदत्व द्यावे असा प्रस्ताव आला आणि तो फेटाळला गेला. चंद्रकोरीची पट्टी तोपर्यंत मागे पडू लागली होती आणि बिल्ले सर्वांना लावता येतील अशा पिनांचे निघत होते, त्यामुळे काज कोणाला आहे आणि कोणाला नाही हे ठरवण्याचे काम अधिवेशनाला हात वर करून करावे लागले.

काही बिल्ल्यांवर मागणीऐवजी आकडा असतो आणि मग गुंता वाढतो. पुरुषाच्या एका डॉलरमागे स्त्रीला ५९ सेंट मिळतात, हे दाखवण्यासाठी अमेरिकेतील नॅशनल ऑर्गनायझेशन फॉर विमेनने सत्तरच्या दशकात ‘५९ सेंट’ एवढेच लिहिलेले बिल्ले वाटले. मजकूर इतका थोडा असण्याचे शहाणपण ब्रिटनच्या डॅगनममध्ये पूर्वीच सिद्ध झाले होते. तेथील फोर्ड कारखान्यात मोटारींच्या आसनांची शिलाई करणाऱ्या १८७ स्त्रियांच्या १९६८ च्या संपात ‘वुई वॉन्ट सेक्स इक्वॅलिटी’ असे लिहिलेला कापडी फलक नीट उलगडला गेला नाही आणि शेवटचा शब्द घडीत राहिला, तेव्हा येणाऱ्याजाणाऱ्यांनी या मागणीला भरघोस पाठिंबा दिला असल्यास नवल नाही. बिल्ल्याला घडी पडत नाही. मात्र वेतनातील तफावत एखाद्या सेंटने कमी झाली की आकड्याचा बिल्ला जुना होतो, आणि म्हणून प्रगतीची बातमी बिल्ले छापणाऱ्याला आनंदाची, वाटणाऱ्याला खर्चाची आणि जमवणाऱ्याला नव्या मालिकेची वाटते.

बिल्ल्याची पुढची बाजू अखेरच्या अक्षरापर्यंत मन लावून वाचणारा वाचक खरे तर एकच, तो म्हणजे मालक. कामाच्या वेळी संघटनेचा बिल्ला लावणे हा कामगाराचा हक्क आहे की नाही, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि रिपब्लिक एव्हिएशन कंपनीच्या खटल्यात १९४५ मध्ये निकाल कामगारांच्या बाजूने लागला. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये समलिंगी स्त्रियांच्या समर्थनाचा बिल्ला कार्यालयात लावणाऱ्या एका कर्मचारी स्त्रीला काढून टाकणे अपील न्यायाधिकरणाने योग्य ठरवले; गिऱ्हाइकांना काय खुपेल याचा अंदाज बांधण्याचा अधिकार मालकाला आहे, असा त्याचा आशय होता. चार सेंटिमीटरच्या पत्र्यावर न्यायमूर्तींनी घालवलेला वेळ पाहता, संग्राहकांना कोणी रिकामटेकडे म्हणू नये.

त्याच वर्षी लंडनच्या वायव्य भागात, विल्सडनजवळ, ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्याचा संप ऐन भरात होता. ऑगस्ट १९७६ मध्ये सुरू झालेल्या या संपातील बहुसंख्य कामगार पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय कुटुंबांतील स्त्रिया होत्या आणि त्यांच्या नेत्या जयाबेन देसाई यांचा जन्म गुजरातचा. साडीवर कोट आणि हातात पर्स अशा वेशात फाटकावर ठाण मांडणाऱ्या या स्त्रियांना पाठिंबा देण्यासाठी देशभरातून खाणकामगार आले, टपाल कामगारांनी कारखान्याची पत्रे अडवली आणि अर्थातच बिल्ले निघाले. काज आणि टाचणी यांचा वाद येथे नव्या पायरीवर गेला, कारण साडीच्या पदराला काज नसते आणि रेशमी पदराला टाचणी सोसत नाही. बिल्ल्याला कोटाचा आसरा घ्यावा लागे, आणि लंडनची हवा वर्षातील बराच काळ ही सोय करून देते.

संप लांबला, मोठ्या संघटनांचा उत्साह आटला, तेव्हा नोव्हेंबर १९७७ मध्ये जयाबेन आणि त्यांच्या काही सहकाऱ्यांनी ट्रेड्स युनियन काँग्रेसच्या, म्हणजे ब्रिटनमधील कामगार संघटनांच्या मध्यवर्ती महासंघाच्या, कार्यालयासमोर उपोषण आरंभले. भारतीय माणसाला उपोषण कशासाठी हे समजावून सांगावे लागत नाही. ब्रिटनलाही ते नवे नव्हते, कारण त्याच शहरात अडुसष्ट वर्षांपूर्वी स्त्रियांच्या संघटनेने उपोषणाबद्दल चांदीची पदके वाटली होती. जयाबेन यांच्या संघटनेने, अ‍ॅपेक्सने, उपोषणकर्त्यांना निलंबित केले आणि त्यांचा संपभत्ता थांबवला. जुलै १९७८ मध्ये संप मागण्या मान्य न होताच संपला. पुढे १९८९ मध्ये अ‍ॅपेक्स ही जीएमबी या मोठ्या संघटनेत विलीन झाली आणि त्या जीएमबीने २००७ मध्ये जयाबेन देसाई यांना सुवर्णपदक देऊन गौरवले. निलंबन आणि सुवर्णपदक यांच्यामध्ये तीस वर्षे गेली. संग्राहकांच्या याद्यांमध्ये ग्रनविकचे पत्र्याचे बिल्ले शोधणाऱ्याला सापडतात, परंतु या पदकाला तेथे स्थान मिळत नाही, कारण यादीत नोंद व्हायची तर वस्तूच्या निदान दोन प्रती अस्तित्वात असाव्या लागतात, एक ठेवायला आणि एक अदलाबदलीला.